हाड जुळेल हो, पण मूठ वळेल का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मालक, म्हणजे तुमचे यजमान, कुपवाड एमआयडीसीत लेथ मशीनवर आहेत, गेल्या गुरुवारी सेकंड शिफ्ट सुटल्यावर माधवनगर रोडला गाडी घसरली आणि उजव्या हातावर पडले. करंगळीच्या मुळाचं तळहातातलं हाड आणि करंगळीशेजारच्या बोटाच्या पहिल्या पेराचं हाड, अशी दोन फ्रॅक्चर. एका डॉक्टरांनी कोपराच्या खालपासून बोटांच्या टोकापर्यंत प्लास्टर घातलं, बोटं सरळ, आणि दीड महिना हलवायचं नाही म्हणाले. दुसऱ्यांनी एक्स-रे बघितला आणि प्लेट टाकावी लागेल म्हणाले. आणि सासूबाई म्हणतायत कशाला चिरफाड, गावाकडं हाडवैद्य आहे, तीन पट्ट्यांत मोकळा करतो. तुम्ही विचारलंय की खरं कोणाचं आणि ते मशीनवर कधी उभे राहतील.

मी २२ वर्षं सांगली-मिरजेत हाताचीच कामं करतोय, म्हणजे हाड, शिरा, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), जे काय मनगटाच्या पुढचं असेल ते. त्यामुळं जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा. फक्त एक ध्यानात ठेवा, मी हात बघितलेला नाही, एक्स-रेही बघितलेला नाही, त्यामुळं शेवटचा निर्णय जो डॉक्टर हातात हात घेऊन बघेल त्याचाच.

सगळ्यात आधी अंगठी. लग्नातली किंवा पुष्कराजाची वगैरे त्या हातात अजून असली तर आज काढा. सूज वाढली की अंगठी बोटाला फास लावते. साबण-तेल लावून निघत नसेल तर बोटाला टोकाकडून दोरा घट्ट गुंडाळत आणायचा, एक टोक अंगठीखालून काढून उलटं सोडवत जायचं, बऱ्याचदा निघते. नाही निघाली तर दवाखान्यात किंवा सरळ सोनाराकडं कापून घ्या, सोनं परत जोडता येतं. आणि हात खाली लोंबकळत ठेवायचा नाही. छातीच्या वर, झोपताना दोन उशांवर. गळ्यात झोळी अडकवून हात पोटावर ठेवून दिवसभर हिंडणारे लोक बघतो मी, त्या झोळीत सगळी सूज बोटांत उतरते. आणि प्लास्टरमध्ये बोटं निळी-काळी पडली, मुंग्या थांबेनात, गोळी घेऊनही ठणका वाढतच चालला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोनला गेलात तरी चालेल, प्लास्टर चिरून सैल करून घ्यायचं.

आता मूळ प्रश्न. लोक एकच प्रश्न विचारतात, प्लास्टर की ऑपरेशन, पण तुमच्या मालकांच्या हातात दोन वेगळी हाडं मोडलीत आणि दोघांचं उत्तर वेगळं आहे. आपल्या एका हातात मनगट धरून २७ हाडं असतात, ८ मनगटात, ५ तळहातात आणि १४ बोटांत, आणि प्रत्येकाची चूक पोटात घालायची ताकद निरनिराळी असते. हे तुम्हाला आत्ता स्वतःच्या हातावर दाखवतो. मूठ वळल्यावर जे उंचवटे वर येतात त्यातला करंगळीच्या मुळाचा उंचवटा दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरा आणि वरखाली हलवा. हलतोय ना चांगला? आता अंगठ्याशेजारच्या बोटाचा धरून हलवा. खुंटा मारल्यासारखा जागच्या जागी. तर ह्या हलण्यामुळं करंगळीच्या हाडाची मान, म्हणजे उंचवट्याच्या थोडं खाली, मोडून तळहाताकडं ३०-४० अंश वाकली तरी हात ते सांभाळून घेतो. तेच वाकणं तर्जनीच्या नाहीतर मधल्या बोटाच्या हाडाला १०-१५ अंशांच्या वर गेलं तर पकड करताना तळहातात खडा टोचल्यासारखं होतं. त्यामुळं मालकांचं करंगळीचं हाड नुसतं मानेपाशी वाकलेलं असेल आणि बोट फिरलेलं नसेल तर त्याला ऑपरेशन नको असं माझं स्पष्ट मत. फार तर मूठ वळल्यावर तो एक उंचवटा कायमचा थोडा बसका दिसेल. माझ्याकडं येणारे निम्मे लोक हे फ्रॅक्चर भिंतीवर नाहीतर दारावर बुक्की मारून आणतात, बाहेर मात्र जिन्यात पडलो सांगतात, आम्हाला एक्स-रे बघूनच कळतं.

बुक्कीवरून आठवलं म्हणून मधेच सांगतो. भांडणात बुक्की मारली आणि समोरच्याचा दात उंचवट्यावर लागून नुसती अर्ध्या सेंटीमीटरची चीर पडली, तर ती जगातली सगळ्यात फसवी जखम आहे. मूठ उघडली की आतली फाटलेली जागा मागं सरकते, वरची कातडी तिच्यावर झाकण घालते आणि तोंडातले जंतू सांध्यात कोंडले जातात. दोन दिवसांत हात डबल होतो. वरून टाका मारून बंद करू नका, उघडून धुवायला लागते. आणि डॉक्टरला खरं सांगा, आम्ही पोलीस नव्हे.

तर दुसरं हाड. करंगळीशेजारच्या बोटाचं पहिलं पेर. खरा निकाल इथं लागणार आहे, आणि तो एक्स-रेवर कमी आणि मूठ बघून जास्त लागतो. मूठ वळताना चारी बोटांची टोकं साधारण एकाच जागेकडं वळतात, अंगठ्याच्या बुडाशी मनगटावर जो बारीक उंचवटा लागतो ना, त्याच्याकडं. मोडलेलं हाड स्वतःच्या आसाभोवती जरासं जरी फिरलं असेल तर ते बोट शेजारच्या बोटावर चढतं किंवा त्याच्याखाली शिरतं. एक्स-रेत हे फिरणं बऱ्याचदा दिसतच नाही, सरळ आलेल्या फोटोत हाड छान एका रेषेत वाटतं. आणि जरासं म्हणजे किती, तर तळहातातल्या हाडात ५ अंशांचं फिरणं बोटाच्या टोकाला जवळपास दीड सेंटीमीटरचा फरक पाडतं. ५ अंश म्हणजे घड्याळात मिनिटकाटा एक मिनिटभरसुद्धा सरकत नाही.

मिरजेतल्या सतारमेकर गल्लीतला एक पोरगा माझ्याकडं आला होता, जवारी काढायचं काम करणारा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सतारीच्या तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानशीनं इतका बारीक घासायचा की तार छेडल्यावर तिचा आवाज गुंजत राहिला पाहिजे. एक घाव जास्त पडला की आवाज मेला. त्याचं हेच बोट मोडलं होतं, प्लास्टर झालं, हाड झकास जुळलं, एक्स-रे दाखवला तर कोणीही पास म्हणेल. तीन महिन्यांनी आला. म्हटलं मूठ वळ, तर ते बोट मधल्या बोटाखाली जाऊन बसलं. पिशवीतून कानस काढून धरून दाखवली त्यानं, बोट दांड्यावर टेकायच्या जागी मधल्या बोटाच्या पेरात रुतत होतं. मला म्हणाला, डॉक्टर, दुखत काहीच नाही, पण कानस माझं ऐकत नाही. शेवटी जुळलेलं हाड परत कापून, फिरवून, स्क्रू घालून बसवायला लागलं. पहिल्या आठवड्यात कुणीतरी प्लास्टर सोडून दोन मिनिटं मूठ वळवून बघितली असती तर हाडात घालायच्या साध्या दोन तारांत भागलं असतं.

म्हणून उद्या जाताना डॉक्टरांना एवढंच म्हणा, साहेब, प्लास्टर सोडून बोट फिरलंय का ते मूठ वळवून बघता का. दुखणार, मूठ पूर्ण वळणार नाही, अर्धी वळली तरी अंदाज येतो, नखं एका ओळीत आहेत का तेही दिसतं, दुसऱ्या हाताशेजारी धरून बघायचं. पाहिजे तर बोटाच्या मुळाशी भुलीचं इंजेक्शन देऊन बघतात. आणि त्या एकट्या बोटाचा बाजूनं काढलेला एक्स-रे आहे का बघा, चारी बोटं एकावर एक आलेला बाजूचा फोटो म्हणजे गर्दीत तोंड लपवल्यासारखं, त्यात काही कळत नाही. बोट फिरलेलं नाही, हाड जागेवर आहे, सांध्यात चीर गेलेली नाही, तर ऑपरेशन लागणार नाही. फिरलंय, तिरकी चीर आहे आणि तुकडे एकमेकांवर सरकून बोट आखूड झालंय, किंवा सांध्याचाच तुकडा पडलाय, तर ऑपरेशन करून घ्या आणि घोळ घालू नका. अपघाताला पाच-सहा दिवस झालेत. दहा दिवसांच्या आत निकाल लावलेला बरा, दोन-तीन आठवड्यांनी आत नवीन हाडाचा भराव धरायला लागतो आणि मग नुसतं ओढून बसत नाही, उघडावंच लागतं.

ऑपरेशन म्हणजे प्लेटच असं लोकांच्या डोक्यात बसलंय. तसं नाही. सगळ्यात साधी गोष्ट म्हणजे तार, के-वायर. मार्टिन किर्शनर नावाच्या जर्मन सर्जननं १९०९ मध्ये काढलेली, शंभरच्या वर वर्षं झाली आणि अजून आमच्या ट्रेमध्ये पहिली तीच असते. एक ते दीड मिलिमीटर जाडीची, कातडी न कापता एक्स-रे मशीनखाली बघत हाडातून घालायची, टोक बाहेर वाकवून ठेवायचं आणि तीन-चार आठवड्यांनी ओपीडीत पकडीनं ओढून काढायची, काढताना बहुतेकांना भूलही लागत नाही. तोटा एवढाच की टोक बाहेर असल्यामुळं ते कोरडं ठेवावं लागतं, पाणी गेलं, घाण गेली की तिथं पू होतो. लांब तिरकी चीर असेल, हाडाच्या जाडीच्या दुप्पट तरी लांब, तर दोन-तीन बारके स्क्रू पुरतात. अलीकडं हाडाच्या पोकळीतून आतूनच एक बिनडोक्याचा स्क्रू घालतात, योग्य जागी तोही चांगला. प्लेटला पण काम आहे, हाडाचा चुरा झाला असेल, तुकडाच गेला असेल, एकापेक्षा जास्त हाडं मोडून हात खिळखिळा झाला असेल तेव्हा तिला पर्याय नाही.

पण बोटाच्या पहिल्या पेरावर प्लेट टाकायची म्हटलं की माझा हात थोडा आखडता असतो, आणि त्याचं कारण माझीच एक चूक आहे. प्रॅक्टिसचं तिसरं वर्ष, एक द्राक्षबागायतदार, तासगाव भागातला, हेच हाड मोडलेलं. मी हौसेनं उघडलं, प्लेट टाकली, सहा स्क्रू, फोटो असा आला की मी तो मित्रांना दाखवत हिंडलो. दोन महिन्यांनी माणूस छाटणीची कात्री घेऊन आला आणि म्हणाला बोट मिटत नाही, कात्रीच्या बाहेर राहतं. काय झालं होतं, तर बोट सरळ करणारा टेंडन त्या पेरावर नऊवारीच्या पदरासारखा पातळ पसरलेला असतो, हाडाला अगदी चिकटून. त्याच्याखाली प्लेट सरकवली की तो प्लेटला, कातडीला, सगळ्याला चिकटतो. परत उघडून प्लेट काढली, टेंडन मोकळा केला, वाकणं अर्धं-पाऊण आलं, पूर्ण कधीच नाही. एक्स-रे आजही सुंदरच आहे तो.

त्यामुळं दुसऱ्या डॉक्टरांना हे जरूर विचारा की तारेनं किंवा नुसत्या स्क्रूनं भागेल का, आणि प्लेटच का. चांगला सर्जन ह्या प्रश्नानं रागवत नाही, चिठ्ठीमागं चित्र काढून समजावून सांगतो. कुठली भूल देणार तेही विचारा. बोटांची बरीच कामं आता फक्त त्या जागेला भूल देऊन, माणूस पूर्ण जागा ठेवून करतात. कॅनडातले डोनाल्ड लालोंद म्हणून सर्जन आहेत, त्यांनी ही पद्धत रूढ केली. आम्ही शिकत होतो तेव्हा बोटात ॲड्रिनलिनचं इंजेक्शन दिलं तर बोट काळं पडतं असं पाठ करून घ्यायचे, ती भीती खोटी ठरली. भुलीच्या औषधात थोडं ॲड्रिनलिन मिसळलं की रक्त कमी येतं, दंडाला आवळपट्टा बांधावा लागत नाही. आणि खरी मजा अशी की तार घातल्यावर टेबलावरच म्हणता येतं, काका मूठ वळा बघू. बोट फिरलेलं असलं तर तिथंच दिसतं, तिथंच दुरुस्त होतं.

आता ह्या सगळ्यापेक्षा जास्त नुकसान ज्यानं होतं त्याच्याकडं येतो, ते म्हणजे प्लास्टर कसं घातलंय. तुम्ही लिहिलंय की बोटं सरळ ठेवून टोकापर्यंत बांधलंय, थाळीसारखं. ऑपरेशन होवो न होवो, हे उद्याच्या उद्या बदलून घ्या. हाताला प्लास्टर घालायची एक ठरलेली पोझ आहे, मनगट २०-३० अंश मागं, मुठीचे सांधे, म्हणजे बोटं जिथं तळहाताला मिळतात ते, ७०-९० अंश वाकवलेले, आणि त्याच्या पुढचे बोटातले दोन्ही सांधे सरळ. शाळेत पोरं बदकाची चोच करून दाखवतात तसं काहीतरी. दिसायला विचित्र, लोक घरी आल्यावर म्हणतात डॉक्टरनं हात वाकडा बांधलाय. पण त्याला कारण आहे. तळहाताच्या हाडाचं डोकं गोल नसतं, अंड्यासारखं असतं, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन पट्टे बोटाला धरून ठेवतात. बोट सरळ असताना हे पट्टे सैल असतात आणि वाकवल्यावर ताणून टाईट होतात. आता सैल पट्टे चार-सहा आठवडे सैलच ठेवले तर ते तेवढ्याच लांबीला आखडून बसतात, मग बोट वाकवायला जाल तर लांबी पुरतच नाही. वाकवलेलं ठेवलं तर पट्टे पूर्ण लांबीला राहतात, नंतर बोट कुठंही जाऊ शकतं. पुढच्या सांध्यांचं उलटं, ते वाकलेले ठेवले तर तळाची पट्टी आखडून बोट सरळ होत नाही.

आणि तुमच्या मालकांच्या फ्रॅक्चरला तर ह्या पोझचा दुहेरी फायदा. पहिलं पेर मधोमध मोडलं की आतले बारके स्नायू मागचा तुकडा खाली ओढतात आणि वरचा टेंडन पुढचा तुकडा वर ओढतो, हाड मधे तळव्याकडं उतरतं. मुठीचा सांधा चांगला वाकवला की तोच वरचा पदर ताणून हाडावर पट्टा आवळल्यासारखा बसतो आणि हाड आपोआप रेषेत धरून ठेवतो. म्हणजे योग्य वाकवलेलं स्प्लिंट, हाताला धरून ठेवणारा कडक आधार, हे नुसतं टेकू नसतं, ते हाड बसवायचं काम करत असतं. काही फ्रॅक्चरना तर आम्ही फक्त मुठीचा सांधा अडवणारं स्प्लिंट देतो आणि पुढची बोटं पहिल्या आठवड्यापासून हलवायला लावतो, फिजिओ सांभाळून असेल तर छान जुळतात. ज्या बोटांना काही झालेलं नाही ती तर बांधून ठेवायचं कारणच नाही. अंगठा, तर्जनी मोकळी पाहिजेत, चमचा धरता आला पाहिजे.

दीड महिना हलवायचं नाही, हे मला अजिबात पटत नाही. बोटाच्या हाडाला तीन ते चार आठवडे खूप झाले. पाय आणि बोट एकाच मापानं मोजायचं नसतं. गोम अशी आहे की चार आठवड्यांनी एक्स-रे काढला तर चीर तशीच दिसते, कारण नवीन भराव फोटोत उमटायला दोन-तीन महिने घेतो. डॉक्टरही घाबरतो, पेशंटही घाबरतो, अजून जुळलं नाही म्हणून परत प्लास्टर, आणि तेवढ्यात सांधे गेले. आम्ही फोटो बघतो पण विश्वास दाबून बघण्यावर ठेवतो. चिरेच्या जागी दाबलं आणि दुखलं नाही, हलकं वाकवताना हाड डुलत नाही, की मोकळं. हाताच्या कामात मी हाड न जुळलेले लोक फार थोडे बघितले आणि जुळलेल्या हाडाची न वळणारी मूठ घेऊन आलेले ढीगभर.

प्लास्टर निघाल्यावर फिजिओला जा, पण फिजिओला जाणं म्हणजे तिथं जाऊन अर्धा तास शेकून घेणं नव्हे. खरा व्यायाम घरी, दर तासाला पाच मिनिटं, जागेपणी. बोटं सरळ ताठ, मग फक्त पुढचे दोन सांधे वाकवून आकडा, मग पूर्ण मूठ, मग मुठीचे सांधे वाकवून बोटं सपाट, परत सरळ. कोमट पाण्यात हात ठेवून केलं की सोपं जातं. दुसऱ्या हातानं ताकद लावून कडकड बोट मोडायचं नाही, आणि मालिश करणाऱ्या शेजाऱ्यांना तर लांब ठेवा, जोर लावला की सूज दुप्पट होऊन परत येते. पीठ मळणं हा माझा आवडता व्यायाम, चौथ्या-पाचव्या आठवड्यानंतर डॉक्टर हो म्हणाले की द्या त्यांच्यासमोर परात, बायकांना सांगितलं तर करतात, पुरुष लाजतात, तेवढं तुम्ही बघा. बोटाचा मधला सांधा सहा महिने, वर्षभरसुद्धा जाडसर राहू शकतो, त्याला घाबरायचं नाही.

फिजिओनं थर्मोप्लास्टिकचं स्प्लिंट करून दिलं तर एक सूचना. तो पांढरा पत्रा गरम पाण्यात टाकून मऊ करतात आणि हातावर बसवतात, थंड झाला की कडक. म्हणजे परत तापला की परत मऊ. एप्रिलमध्ये एकानं ते गाडीच्या डिकीत ठेवून विश्रामबागेत तासभर कामं उरकली, बाहेर काढलं तर पापडासारखं वेडंवाकडं झालेलं, आणि तो तसंच बांधून आठ दिवस फिरला. गरम पाण्यानं धुवायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही, गार पाणी-साबण बस.

सासूबाईंचा मुद्दा. हाडवैद्यांना मी शिव्या घालत नाही, जुन्या लोकांच्या हाताला जाण होती आणि गावात दुसरं कोणी नव्हतं तेव्हा त्यांनीच लोकांना उभं केलं. न हललेलं फ्रॅक्चर बांबूच्या कामट्यांत पण जुळतं, त्यात जादू नाही, हाड स्वतः जुळतं. पण कामट्या आवळून बांधल्या आणि आत सूज वाढली की रक्त तुटतं, असे काळे पडलेले हात मी बघितलेत आणि ते बघितलेला माणूस हा विषय चेष्टेवारी नेत नाही. शिवाय बोट फिरलंय का हे ते बघत नाहीत, आणि दर पट्टीला चोळतात. सासूबाईंना सांगा डॉक्टर पण चिरफाड नको म्हणतायत, जमलं तर, एवढ्यावर त्या ऐकतील.

आता हा विषय निघालाच आहे तर आमच्या भागात रोज चुकतं ते दोन-चार ओळींत टाकतो, वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. हातावर पडून अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर जो खड्डा पडतो त्यात दाबून दुखत असेल आणि एक्स-रे नॉर्मल असेल तर मुरगळलं म्हणून सोडू नका, तिथलं स्कॅफॉइड नावाचं हाड पहिल्या फोटोत लपतं. आधार बांधून ठेवायचा आणि १०-१४ दिवसांनी परत फोटो, नाहीतर एमआरआय. त्याचं रक्त पुढच्या टोकाकडून मागं येतं, मधे मोडलं की मागचा तुकडा उपाशी राहतो, त्यामुळं सुटलं की सुटलंच. गादीवर चादर खोचताना नाहीतर बॉल लागून बोटाचं शेवटचं पेर लटकलं आणि सरळ होईना तर फक्त त्या पेराला सरळ ठेवणारं छोटं स्प्लिंट, सहा ते आठ आठवडे, रात्रंदिवस. मधे आंघोळीला काढलं आणि पेर एकदा जरी खाली पडलं की मोजणी पहिल्यापासून. एक शिक्षिका होत्या, सातव्या आठवड्यात हळदीकुंकवाला जाताना बरं दिसत नाही म्हणून काढलं. परत शून्यापासून. लहान पोराचं बोट दारात चेंगरून नख मुळातून उचकटून कातडीवर आलं असेल तर त्याखाली बऱ्याचदा वाढीच्या जागेचं उघडं फ्रॅक्चर असतं, नुसती पट्टी नको. आणि कडबाकुट्टीत किंवा रसाच्या चरकात बोट तुटलं तर तो तुकडा बर्फात थेट टाकायचा नाही, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत, आणि ती पिशवी बर्फावर. थेट बर्फात ठेवलेलं बोट गोठतं, मग जोडता येत नाही.

तंबाखू-बिडी असेल मालकांना तर हे दोन महिने तरी बंद. बोटाच्या शिरा केसाएवढ्या असतात, निकोटीननं आणखी आवळतात, हाड उशिरा जुळतं. खर्चाचं म्हणाल तर कंपनीत ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापत असतील तर आधी तिथं चौकशी करा, कार्ड कपाटात पडून असतं आणि लोक कर्ज काढतात.

कामावर कधी, तर सगळं सुरळीत गेलं तर बसून करायचं हलकं काम सहाव्या आठवड्याच्या आसपास, आणि लेथवर ताकदीचं काम आठ ते बारा आठवड्यांनी, मूठ पूर्ण वळून पकडीत जोर आल्यावर. पण एक गोष्ट एमआयडीसीतल्या प्रत्येकाला सांगतो. प्लास्टर निघाल्यावर आम्ही मोडलेलं बोट शेजारच्या बोटाला पट्टीनं बांधून देतो, दोघांच्या मधे कापूस घालून, आधार म्हणून. ती पट्टी किंवा स्प्लिंट घालून फिरत्या चकसमोर, म्हणजे लेथचा काम पकडून फिरणारा भाग, उभं राहायचं नाही, अगदी पाच मिनिटं पण नाही. लेथवर हातमोजे का घालत नाहीत ते मालकांना माहीत आहे, तेच कारण. पट्टीचं सुटलेलं टोक चकमध्ये गेलं तर ते हात घेऊनच आत जातं. म्हणून सर्टिफिकेटवर लाइट ड्यूटी असं मोघम लिहून घेऊ नका, सुपरवायझर दुसऱ्या दिवशी ड्रिलवर उभं करतो. फिरत्या मशीनवर काम नको, असं सरळ शब्दांत लिहून घ्या आणि तारीख घालून घ्या.

उद्या जाताना पहिल्या दिवशीचे एक्स-रे, प्लास्टर घालायच्या आधीचे, बरोबर न्या. मोबाइलवर फोटो काढून दाखवायचा असेल तर ट्यूबलाइटसमोर नको, फिल्म दिवसा खिडकीच्या काचेला लावून काढा, आणि कोपऱ्यावरचं नाव-तारीख कापू नका.